पोळें सुटलें कसें?

मधमाशीच्या घरांतील षट्कोनी खणांसारखी रचना यंत्रकारांना फार उपयोगी पडली आहे. दोन पातळ, कठीण थरांमध्यें असा पोकळ गाभा डिंकासारख्या रसायनानें जखडला, म्हणजे वजन थोडें आणि ताठपणा पुष्कळ. मात्र ही सारी मातबरी त्या चिकटवणीवर उभी असते. अमेरिकेच्या एक्स-३३ या प्रयोगयानास तिनेंच दगा दिला.

१९९६ सालीं लॉकहीड मार्टिन कंपनीनें नासासाठीं हें काम हातीं घेतलें. वाटेंत एकहि टप्पा न टाकतां कक्षेंत जाणाऱ्या भावी यानाची ती पूर्वतयारी होती. अशा यानांत वजनाची काटकसर पराकाष्ठेची. म्हणून द्रव हायड्रोजनची टांकी धातूची न करतां कार्बनतंतूंचे थर व पोळ्याचा गाभा यांची, चार पाकळ्या जोडल्यासारखी केली.

३ नोव्हेंबर १९९९ रोजीं हंट्सव्हिल येथील मार्शल केंद्रांत तिची परीक्षा झाली. उणें २५३ अंशांचा द्रव भरला, दाब दिला, उड्डाणासारखा भार घातला. टांकीनें सर्व सोसलें. ती रिकामी केल्यावर, ऊब येत असतां, एका पाकळीचा बाहेरचा थर गाभ्यासकट आंतल्या थरापासून सुटला!

चौकशींत उलगडा झाला. आंतल्या थरास सूक्ष्म चिरा पडून हायड्रोजन खणांत शिरला होता. बाहेर खेळविलेला नायट्रोजनहि थंडीनें आंत ओढला गेला. उणें १९६ अंशांखालीं तो द्रव होतो. ऊब येतांच त्यांचा वायु फुगला, खणांतला दाब वाढला, आणि जोड तर अपेक्षेहून दुबळा होता. घडणींतले दोष होतेच.

असा दुबळेपणा आधीं कां दिसूं नये? ठोकून ऐकण्यानें किंवा सूक्ष्मध्वनीनें पोकळी सांपडते. पण थर एकमेकांस टेकलेले असून जोड कच्चा असेल, तर ध्वनि निर्वेध पार जातो. बळ मोजावयाचें, तर नमुन्याचा तुकडा दोन धातूच्या ठोकळ्यांस चिकटवून ओढून तोडावा लागतो. गाभा फाटला तर चिकटवण चांगली. थर स्वच्छ उकलला तर वाईट. तोडलेला तुकडा अर्थातच टांकींत बसत नाहीं.

पुढें ॲल्युमिनियम-लिथियमच्या टांकीचा बेत झाला. परंतु १ मार्च २००१ रोजीं नासानें अंग काढून घेतलें. तोंवर सरकारचे ९० कोटींहून अधिक डॉलर खर्च झाले होते. यान एकदांहि उडालें नाहीं.