जुन्या मनगटी घड्याळाचा पट्टा निवडताना

रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाच्या नावातच ती दिसते. पलटणीतून किंवा मुंबईच्या गिरणी-गोदीतून निवृत्त होऊन परतलेल्या माणसांची मनगटी घड्याळे अशा भागातील घरांत पेटीत जपलेली असतात. चावी दिली की त्यांतील काही आजही चालू लागतात. अडते ते कुजलेल्या पट्ट्यापाशी. मात्र घाईने बसवलेला पट्टा घड्याळाचे कायमचे नुकसान करू शकतो.

पहिला मुद्दा मापाचा. पट्टा ज्या दोन कानांमध्ये बसतो, त्यांतील आतले अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. तबकडीच्या आकारावरून अंदाज बांधू नये. जुन्या पुरुषी घड्याळांत १६ आणि १८ मिमी ही मापे नेहमीची असली, तरी १७ किंवा १९ मिमीही आढळते. १७ मिमीच्या जागेत १८ मिमीचा मऊ चामडी पट्टा किंचित दाबून बसतो. स्टीलचा पट्टा बसवण्यासाठी कान कानशीने घासणे मात्र टाळावे. घासलेला धातू परत येत नाही.

दुसरा मुद्दा पिनेचा. बहुतेक घड्याळांत स्प्रिंगची पिन असते व ती दाबून काढता येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांमध्ये मनगटी घड्याळ रूढ झाले, तेव्हा मात्र घड्याळाला तारेच्या पक्क्या कड्या जोडलेल्या असत. पुढे अनेक लष्करी घड्याळांतही पक्क्या दांड्या राहिल्या. त्या कापून काढू नयेत. त्यांच्यासाठी दांडीभोवती वळवून शिवायचा पट्टा किंवा घड्याळाखालून सरकवायचा अखंड नायलॉनचा पट्टा घ्यावा. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ साली अशा नायलॉन पट्ट्याचे मानक निश्चित केले होते. त्याचा आणखी एक फायदा असा, की काढता येणाऱ्या पिनांपैकी एक तुटली तरी घड्याळ हातातून निसटत नाही.

तिसरा मुद्दा हवामानाचा. या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चामड्यात मुरलेला घाम आणि ओल घड्याळाच्या पाठीला चिकटून राहते. पितळेवर क्रोमचा मुलामा असलेल्या घड्याळांचे कान त्यामुळे खाल्ले जातात. पावसाळ्याचे चार महिने नायलॉनचा आणि कोरड्या दिवसांत चामड्याचा पट्टा वापरणे हिताचे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले होते. पुरात भिजलेल्या घड्याळाचा पट्टा आधी काढावा, चावी देऊ नये आणि ते लवकरात लवकर घड्याळजीकडे न्यावे.

चौथा मुद्दा अस्सलपणाचा. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळनिर्मिती सुरू केली. तिची चावीची ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही घड्याळे घरोघरी पोहोचली. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे कंपनीची मोहोर असलेले मूळ बकल हाती असेल, तर ते टाकू नये. बकलाच्या आतल्या रुंदीचा पट्टा घेतल्यास तेच पुन्हा लावता येते. कानांपाशी १८ मिमी असलेला पट्टा बकलापाशी बहुधा १६ मिमी असतो. म्हणून दोन्ही मापे घ्यावीत.

दुकानात जाताना जुना पट्टा, कितीही जीर्ण असला तरी, सोबत न्यावा. रुंदी, जाडी आणि लांबी त्यावरून कळते. काम झाल्यावर तो घरी परत आणावा. वर्षानुवर्षांच्या वापराने त्याचे जे एकच भोक मोठे झालेले असते, ते घड्याळ वापरणाऱ्याच्या मनगटाचे माप असते. घरात ते माप बहुधा अन्यत्र कुठेही नोंदलेले नसते.