शेजघर : मराठवाड्यांतील निद्रासुखाचीं साधनें

शिलालेख, ताम्रपट, सनदा, महजर व बखरी यांच्या शोधांत आमच्या संशोधकांनीं गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जो उद्योग केला, त्याची थोरवी कोणीही अमान्य करणार नाहीं. परंतु या साधनांतून जो मनुष्य आपल्यापुढें उभा राहतो, तो बहुधा लढत असतो, वतनासाठीं भांडत असतो किंवा दान देत असतो. तो निजलेला क्वचितच आढळतो. मनुष्याच्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा निद्रेंत जातो. हा तिसरा हिस्सा इतिहासानें अजिबात टाकून द्यावा काय? वाकाटकांच्या वाशीम ताम्रपटांतील नांदीकड तें आजचें नांदेड, आणि राष्ट्रकूट राजे ज्या लत्तलूर नगराचे अधीश्वर म्हणवून घेत तें आजचें लातूर. या दोन नगरांच्या टापूंत निजण्याची जागा सुखाची करण्यासाठीं लोकांनीं काय केलें, याचा मागोवा प्रस्तुत लेखांत घ्यावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण याच टापूंत तो जीवितमरणाचा विषय ठरला, हें लेखाच्या उत्तरार्धांत दिसून येईल.

प्रथम शब्दांकडे पाहूं. घरांतील सर्व वस्तु झिजतात, मोडतात. त्यांचीं नांवें मात्र टिकतात. शेज हा शब्द संस्कृत शय्येपासून प्राकृत सेज्जेच्या द्वारें आला. खाट खट्वेपासून, पलंग पर्यंकापासून, उशी उच्छीर्षकापासून आणि चिंध्यांची वाकळ ही वल्कलापासून आली असें व्युत्पत्तिकार मानतात. उलट तक्क्या व गिरदी हे शब्द फारसी आहेत. निजण्याच्या मूळ वस्तूंचीं नांवें देशी राहिलीं आणि बैठकीच्या ऐषआरामाचे शब्द दरबारांतून आले, असा भेद येथें दिसतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या राजव्यवहारकोशांत भोग्यवर्ग नांवाचा स्वतंत्र वर्ग आहे. दरबारी भाषेस संस्कृत पर्याय देतांना उपभोग्य वस्तूंसाठीं निराळें प्रकरण करावें लागलें, यावरून असे परकी शब्द किती रुळले होते याची कल्पना येते.

खाट ही सुखाची वस्तु. म्हणून ती अधिकारानें मिळवावी, अशी जुनी समजूत होती. पाणिनीनें खट्वा शब्दाच्या समासासाठीं निंदेच्या अर्थीं एक स्वतंत्र सूत्रच केलें आहे. विद्याध्ययन संपवून गुरूची अनुज्ञा घेण्यापूर्वींच जो खाटेवर चढला तो खट्वारूढ, म्हणजे उन्मार्गी, असा त्याचा खुलासा टीकाकार करतात. यावरून आमच्या पूर्वजांना निद्रासुखाचा तिटकारा होता असें मात्र कोणीं समजूं नये. चरकानें आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. निद्रा येत नसेल तर काय करावें, याची जी यादी त्यानें दिली आहे तींत अभ्यंग, स्नान, दूध, अंग रगडणें, मनास रुचेल असा गंध व नाद, नीट अंथरलेलें अंथरूण, सुखाचें घर आणि ठरलेली वेळ, इतक्या गोष्टी येतात. या यादींत मौल्यवान अशी वस्तु जवळजवळ एकही नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयांत हाच विचार ऋतुमानाला जोडला. हिवाळ्यांत घराच्या आंतील भागांत ऊब धरून राहावें. उन्हाळ्यांत दुपार थंड घरांत काढून रात्रीं चांदण्यांत, गच्चीवर निजावें. पावसाळ्यांत ओलसर जमीन टाळून वरच्या मजल्यावर असावें, असा त्याच्या उपदेशाचा सारांश आहे.

कौटिल्याची दृष्टि याहून निराळी आहे. राजाचें शयनगृह कसें असावें हें सांगतांना तो गादीचा विचार करीत नाहीं. भिंतींतील गुप्त वाटा, आगीपासून व सर्पविषापासून बचाव, विषाची चाहूल लागतांच ओरडणारे पक्षी, यांचा करतो. शयनगृहांत मारल्या गेलेल्या राजांचे दाखलेही तो देतो. निजलेला मनुष्य राजा असला तरी असहायच असतो, हें त्यानें ओळखलें होतें. सुख व निर्धास्तपणा हे शेजघराचे दोन खांब होत. वैद्यांनीं पहिल्याचा विचार केला, कौटिल्यानें दुसऱ्याचा.

पहिल्या खांबाचें सर्वांत विस्तृत वर्णन ज्या ग्रंथांत सांपडतें तो आपल्या टापूच्या शेजारींच लिहिला गेला. लातूर जिल्ह्याची दक्षिण सीमा ओलांडून थोडें पुढें गेलें कीं चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, लागतें. तेथें तिसरा सोमेश्वर राज्य करीत असतां शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास मानसोल्लास किंवा अभिलषितार्थचिंतामणि हा ग्रंथ झाला. बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं त्याचे पहिले दोन भाग १९२५ व १९३९ सालीं प्रसिद्ध केले. राजाच्या २० उपभोगांत शय्याभोग व धूपभोग हे स्वतंत्र उपभोग ग्रंथकारानें गणले आहेत. शय्येचे प्रकार सांगतांना तो हंसाचीं पिसें, सांवरीचा कापूस, साधा कापूस, पालवी, फुलें यांबरोबर पाण्यानें भरलेल्या शय्येचाही उल्लेख करतो, आणि कोणत्या ऋतूंत काय वापरावें याचा विवेक करतो. वाचतांना हा केवळ राजविलास वाटतो. पण ज्या देशांत चैत्र-वैशाखांत भुई तापते आणि पौषांत पहांटे हात गारठतात, तेथें वर्षभर एकच शय्या सुखाची होणार नाहीं, हा या वर्णनाचा खरा गाभा आहे.

हा गाभा राजवाड्याबाहेरही होता. गरिबाच्या घरीं हंसाचीं पिसें नव्हतीं, परंतु ऋतु तेच होते. धनगरांच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी थंडीपावसांत पांघरूण आणि एरव्हीं आंथरूण होई. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून दाट टांक्यांनीं शिवलेली गोधडी धुवून धुवून मऊ होत जाई. ऐपतीच्या घरीं कापसाची गादी असे, व तिचा गोळा झालेला कापूस पिंजारी येऊन पिंजणीनें पुन्हा मोकळा करून देई. नांदेड-परभणीकडील गावरानी कापूस व्यापारांत नांवाजलेला होता, आणि निजामी राजवटींत नांदेडच्या तलम मलमलीची कीर्ति होती. तेव्हां आंथरुणापांघरुणाच्या मूळ द्रव्याची या भागांत वाण नव्हती. सुतळीनें विणलेली बाज उन्हाळ्यांत अंगणांत निघे. तिच्या विणीतून खालूनही वारा लागे. वाग्भटाचें नांव ज्यानें कधीं ऐकलें नाहीं, असा कुणबीही त्याच्या ऋतुचर्येप्रमाणेंच निजत असे.

घरांतील या चाली लिहून ठेवण्याचें कोणाला कारण पडलें नाहीं. देवळांत मात्र त्या विधिरूपानें टिकल्या, म्हणून संशोधकानें तिकडे वळलें पाहिजे. नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें श्रीदत्तात्रेयाचें निद्रास्थान मानतात. देव काशीस स्नान करतो, कोल्हापुरीं भिक्षा मागतो आणि रात्रीं विसाव्यास माहुरास येतो, अशी श्रद्धा आहे. दिवसभर संचार करणाऱ्या देवासही रात्रीं परत येण्याचें एक ठरलेलें ठिकाण लागतें, ही कल्पना लोकमानसानें मोठ्या मार्मिकपणें योजिली आहे. तुळजापूर आज धाराशिव जिल्ह्यांत असलें तरी १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा होईपर्यंत हा सर्व मुलूख एकाच जिल्ह्यांत होता. तेथील भवानीची मूर्ति चल आहे. वर्षांतून तीन वेळां ती सिंहासनावरून उतरवून शेजघरांतील पलंगावर निजवितात. शारदीय नवरात्रापूर्वीं घोरनिद्रा, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषांतील शाकंभरी नवरात्रापूर्वीं मोहनिद्रा. दसऱ्यासाठीं पलंग पुणें जिल्ह्यांतील घोडेगांवाहून येतो, पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून येते. निद्रेपूर्वीं गाद्यांचा कापूस पिंजून नव्यानें भरण्याचा विधि होतो. युद्धाआधीं झोंप आणि युद्धानंतर झोंप, असा हा क्रम आहे. महिषासुराशीं लढणाऱ्या देवीलाही श्रम होतात व त्यांचा परिहार मऊ गादीनें करावा लागतो, हें मान्य करणारा समाज निद्रासुखाला विलास समजत नव्हता. याच समजुतीची दुसरी बाजू पंढरपुरीं दिसते. आषाढीच्या यात्रेसाठीं देवाचा पलंग काढतात. देव रात्रंदिवस दर्शनासाठीं उभा राहतो, त्याच्या पाठीशीं लोड देतात, व यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजेनें त्याचा शीण घालवितात. भक्तांसाठीं झोंप सोडणें ही कृपा खरी, पण ती उधारीची. पुढें विश्रांति देऊन फेडावी लागते.

आतां शय्येकडून छपराकडे येऊं; कारण शेजघराचें सुख गादीपेक्षां भिंतीवर व माथ्यावरील आच्छादनावर अधिक अवलंबून असतें. या भागांतील जुनें घर म्हणजे माळवद. मातींत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यांवर तुळया व फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. भिंतींना खिडक्या थोड्या व लहान, कारण चोराचिलटांचें भय. अशा घरांत वैशाखाच्या दुपारीं गारवा राहतो, कारण ऊन मातींतून आंत झिरपण्यास कित्येक तास लागतात. तें रात्रीं आंत पोंचतें, तेव्हां घरचीं माणसें बाज घेऊन अंगणांत किंवा माळवदावर गेलेलीं असतात. हिवाळ्यांत तीच सांठलेली ऊब उपयोगी पडते. ही रचना फार शहाणपणाची होती. तिचा एकच दोष असा कीं पावसांत माती वाहून जाऊन छप्पर गळूं लागे, म्हणून पावसाळ्याच्या तोंडीं वर नवी माती टाकावी लागे. पिढ्यानुपिढ्या थरावर थर चढत गेला. घर अधिक कोरडें, अधिक गार झालें, आणि अधिक जडही झालें. सुखाचा खांब उंच होत गेला. निर्धास्तपणाच्या खांबाकडे कोणी पाहिलें नाहीं, कारण या पठारावर मोठा भूकंप होईल असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.

शके १९१५ च्या भाद्रपदांत, दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं तो झाला. गणपतिविसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते. उन्हाळा असता तर पुष्कळजण बाहेर, आकाशाखालीं असते. पावसाळ्याची अखेर असल्यानें बहुतेक आंतच होते. औसा तालुक्यांतील किल्लारी, लोहारा भागांतील सास्तूर व आजूबाजूचीं मिळून ५२ गांवें पुरतीं उद्ध्वस्त झालीं, आणि सुमारें ८ हजार माणसें मृत्यु पावलीं. त्यांतील फार मोठा भाग आपल्याच शेजघरांत, आपल्याच छपराच्या मातीखालीं गाडला गेला. ज्या मातीनें पिढ्यानुपिढ्या गारवा दिला, तिनेंच हा घात केला. पण हें अर्धेंच सत्य आहे. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर न टाकतां लांकडी खांब-तुळयांच्या खणांवर पेललेला होता, त्यांपैकीं अनेक घरांच्या भिंती ढांसळल्या तरी सांगाडा उभा राहिला व आंतील माणसें वांचलीं. गवताच्या हलक्या छपराखालीं निजलेला गरीब त्या पहांटे दगडी वाड्यांतील सधनापेक्षां सुरक्षित होता. म्हणजे दोष माळवदाचा नव्हता. लांकूड महाग व दुर्मिळ होत गेल्यावर खांब वगळून भिंतींवर भार टाकण्याच्या सवयीचा होता. जुन्या सुतारांस ठाऊक असलेली गोष्ट पुढच्या पिढ्यांनीं काटकसरींत गमावली.

पुनर्वसनानंतर या गांवांत सिमेंट-काँक्रीटचीं घरें झालीं. तीं भयमुक्त आहेत, हा लाभ मोठाच. परंतु पातळ स्लॅब उन्हांत लवकर तापतो, आणि त्याखालीं निजणाराला वैशाखांत जुन्या गारव्याची आठवण होते. एका काळीं सुख होतें व निर्धास्तपणा नव्हता. आतां निर्धास्तपणा आहे व सुख उणें पडलें आहे. दोहोंचा मेळ खणाच्या घरानें पूर्वीं घातला होता, ही इतिहासाची साक्ष आहे, आणि नवें घर बांधणाऱ्यानें ती ऐकण्यासारखी आहे.

ही साक्ष पुरी नोंदविलेली नाहीं, म्हणून संग्राहकांस एक विनंति करावयाची आहे. नांदेड, कंधार, देगलूर, उदगीर, औसा व निलंगा या बाजूंस जुन्या वाड्यांत अद्याप दप्तरें आहेत. त्यांतून सनदा उचलल्या जातात व खासगी खर्चाच्या याद्या रद्दींत जातात. लग्नांतील आंदणाची यादी, वांटणीपत्रांतील पलंग व गाद्यांची मोजदाद, सुताराला व पिंजाऱ्याला दिलेल्या मजुरीची नोंद, घराच्या खणांचा उल्लेख असलेलें खरेदीखत, हे कागद मोडींत असोत वा फारसींत, ते टाकून देऊं नयेत. तसेंच जीं थोडीं खणांचीं माळवदें उभीं आहेत, त्यांचीं मापें घेऊन ठेवावीं: भिंतीची जाडी, मातीचा थर, खांबांतील अंतर आणि निजण्याच्या खोलीची दिशा. एखाद्या अज्ञात मांडलिकाची वंशावळ पुरी करण्याइतकेंच हें काम महत्त्वाचें आहे. त्या वंशावळींतील सर्व पुरुष मृत आहेत. या घरांत मात्र आज रात्रीं कोणी तरी निजणार आहे.