आमचे आश्रयदाते संत ब्लेझ

दरवर्षी ३ फेब्रुवारीस, क्रुसासारख्या जोडलेल्या दोन मेणबत्त्या कंठाशी धरून, संत ब्लेझ यांच्या नावाने आम्ही आशीर्वाद देतो. अंधेरीजवळील आंबोलीचे आपले ख्रिस्तमंदिर ज्यांना वाहिले आहे, ते हे संत आर्मेनियातील सेबास्ते नगरीचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील सिवासचे, बिशप होते.

इ. स. ३१३ साली कॉन्स्टंटाइन व लिसिनियस या सम्राटांनी ख्रिस्ती लोकांस धर्मस्वातंत्र्य दिले. छळाचे दिवस सरले असे वाटले. परंतु पुढे त्याच लिसिनियसने वचन मोडिले. परंपरेनुसार सुमारे ३१६ साली लोकर विंचरावयाच्या लोखंडी फण्यांनी ब्लेझ यांचे अंग ओरबाडून त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. बंदिवासाकडे नेत असता, घशात मासळीचा काटा अडकलेल्या एका मुलास त्यांनी वाचविले, ही कथा मासळी खाणाऱ्या आपल्या घरांस सहज पटते. मात्र ज्यांनी दुसऱ्याचा कंठ मोकळा केला, त्यांनी स्वतःचा कंठ ख्रिस्तासाठी तलवारीखाली दिला, हे आपण विसरतो.

राजाज्ञेने मिळालेले स्वातंत्र्य राजाज्ञेनेच जाऊ शकते; श्रद्धेचे मूळ त्याहून खोल हवे. म्हणून आपण केवळ काट्यापासून रक्षण मागू नये; सत्य बोलण्यास न कचरणारा कंठही मागावा.