आयर्लंडमध्ये नाटककार घडतो कसा?

सुमारे ५० लाख लोकवस्तीच्या आयर्लंडने गेल्या सव्वाशे वर्षांत इंग्रजी रंगभूमीला दिलेल्या नाटककारांची यादी मोठी आहे. जे. एम. सिंज, शॉन ओ'केसी, ब्रायन फ्रील, टॉम मर्फी, मरीना कार ही त्यातील काही नावे. या यशाचे श्रेय अनेकदा आयरिश माणसाच्या उपजत गोष्टीवेल्हाळपणाला दिले जाते. या नाटककारांच्या सुरुवातीच्या दिवसांकडे पाहिले तर मात्र वेगळेच चित्र दिसते. नवोदिताची संहिता कोणी तरी काळजीपूर्वक वाचली, तिच्यातील त्रुटी सांगितल्या आणि प्रयोगाची जोखीम पत्करली, तेथे नाटककार घडला. जेथे हे झाले नाही, तेथे तो देशाबाहेर गेला किंवा रंगभूमीपासून दुरावला.

अॅबीचा वारसा

डब्ल्यू. बी. येट्स आणि लेडी ग्रेगरी यांच्या पुढाकारातून डब्लिनमध्ये २७ डिसेंबर १९०४ रोजी अॅबी थिएटर सुरू झाले. आयरिश जीवनावरची नवी नाटके आयरिश लेखकांकडून लिहवून घेणे, हा या संस्थेचा मूळ हेतू होता. १९२५ मध्ये तिला सरकारी अनुदान मिळू लागले. इंग्रजी भाषक जगात सरकारी अनुदान मिळवणारे हे पहिले नाट्यगृह मानले जाते.

अॅबीच्या कार्यपद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शॉन ओ'केसी. डब्लिनच्या गरीब वस्तीत वाढलेल्या आणि मजुरी करून जगणाऱ्या या लेखकाच्या अनेक संहिता अॅबीने परत पाठवल्या. परंतु त्या नुसत्या परत आल्या नाहीत. व्यक्तिचित्रण ही या लेखकाची खरी ताकद असल्याचे लेडी ग्रेगरी यांनी ओळखले आणि त्यांना लिहीत राहण्यास प्रोत्साहन दिले. अखेर १९२३ मध्ये 'द शॅडो ऑफ अ गनमन' रंगमंचावर आले, तेव्हा ओ'केसी यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. पुढील तीन वर्षांत 'जुनो अँड द पेकॉक' आणि 'द प्लाऊ अँड द स्टार्स' या नाटकांनी त्यांची कीर्ती सर्वदूर पोहोचवली. नकारही कसा द्यावा, याचा तो वस्तुपाठ होता.

बंद दारांची किंमत

याच संस्थेने पुढे नेमकी उलट उदाहरणेही घालून दिली. १९२८ मध्ये ओ'केसी यांचेच 'द सिल्व्हर टॅसी' नाकारले गेले. तोवर इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला हा लेखक अॅबीपासून दुरावला. वॉटरफर्डच्या टेरेसा डीव्ही यांना श्रवणशक्ती गमवावी लागली होती. १९३० च्या दशकात अॅबीने त्यांची सहा नाटके सादर केली, मात्र नंतर 'वाइफ टू जेम्स व्हेलन' नाकारले. त्यानंतर त्या प्रामुख्याने नभोनाट्याकडे वळल्या. स्वतःला ऐकू न येणाऱ्या माध्यमासाठी लिहिण्याची वेळ या लेखिकेवर आली. ब्रेंडन बीहन यांचे 'द क्वेअर फेलो' १९५४ मध्ये डब्लिनच्या चिमुकल्या पाइक थिएटरने केले. टॉम मर्फी यांच्या 'अ व्हिसल इन द डार्क'लाही अॅबीने नकार दिला आणि १९६१ मध्ये ते लंडनमध्ये गाजले.

देशात एकच मोठे दार असेल आणि तेच बंद झाले तर काय होते, हा प्रश्न या घटनांनी उभा केला. त्याचे एक उत्तर हौशी रंगभूमीने दिले. केरी परगण्यातील लिस्टोल या गावी राहणाऱ्या जॉन बी. कीन यांचे 'साइव्ह' अॅबीने नाकारले होते. १९५९ मध्ये गावच्याच हौशी कलावंतांनी ते सादर करून अखिल आयर्लंड हौशी नाट्यस्पर्धा जिंकली. त्यानंतर याच हौशी संघाला हे नाटक घेऊन अॅबीच्या रंगमंचावर उतरण्याचा मान मिळाला.

राजधानीबाहेरची वाट

१९७५ मध्ये गॉलवे येथे ड्रूइड ही संस्था स्थापन झाली आणि डब्लिनबाहेरही व्यावसायिक रंगभूमी उभी राहू शकते, हे सिद्ध झाले. लंडनमध्ये जन्मलेल्या आयरिश वंशाच्या मार्टिन मॅक्डोना या अपरिचित तरुणाची संहिता ड्रूइडच्या गॅरी हाइन्स यांनी हाती घेतली. १९९६ मध्ये गॉलवेत 'द ब्यूटी क्वीन ऑफ लीनान'चा पहिला प्रयोग झाला. १९९८ मध्ये ब्रॉडवेवर या नाटकाने चार टोनी पुरस्कार पटकावले. हाइन्स या नाट्यदिग्दर्शनाचा टोनी मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

१९८८ मध्ये सुरू झालेली फिशॅम्बल ही संस्था तर केवळ नवीच नाटके करते. तिच्या २०१८ मधील 'अ प्ले फॉर आयर्लंड' या उपक्रमात देशभरातून आलेल्या संहितांपैकी ३० संहितांवर लेखकांसह काम करण्यात आले. चाळणी लावत त्यातील एक निवडले गेले आणि 'द अल्टरनेटिव्ह' हे नाटक २०१९ मध्ये रंगमंचावर आले. रफ मॅजिक या संस्थेचा 'सीड्स' उपक्रमही नवोदितांना अनुभवी रंगकर्मींबरोबर काम करण्याची संधी देतो. १९८८ मध्ये निधन पावलेले बेलफास्टचे नाटककार स्टुअर्ट पार्कर यांच्या नावाचा पुरस्कार पदार्पण करणाऱ्या नाटककारांना दिला जातो. कॉर्कच्या कॉर्काडोर्का संस्थेने १९९६ मध्ये केलेल्या 'डिस्को पिग्ज'चे लेखक एंडा वॉल्श हे त्याचे एक मानकरी.

या साऱ्या उपक्रमांमागील क्रम साधारण सारखाच असतो. आधी संहितेचे वाचन आणि लेखी अभिप्राय, मग संहिता-सल्लागारासह पुनर्लेखन, त्यानंतर नटांकडून अभिवाचन आणि शेवटी प्रयोग. शेवटची पायरी गाठली नाही तर आधीच्या पायऱ्यांचा उपयोग मर्यादितच राहतो, कारण नाटककार खऱ्या अर्थाने शिकतो तो प्रेक्षकांसमोर.

वेळ आणि पैसा

लेखनाला निवांतपणा लागतो. मोनॅहन परगण्यातील अॅनामकेरिग येथे दिग्दर्शक टायरोन गथ्री यांचे निवासस्थान १९८१ पासून कलावंतांसाठी खुले आहे. तेथे राहून लेखक आपले काम पूर्ण करू शकतात. १९६९ पासून लेखकांच्या उत्पन्नाला प्राप्तिकरात सवलत मिळते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रायोगिक योजनेत सोडतीने निवडलेल्या २००० कलावंतांना दर आठवड्याला ३२५ युरो देण्यात आले. गुणवत्तेचा निवाडा न करता कलावंताला केवळ वेळ मिळवून द्यावा, ही त्यामागची कल्पना.

दार कोणासाठी?

तरीही प्रश्न संपलेले नाहीत. १९१६ च्या उठावाच्या शताब्दीनिमित्त अॅबीने २०१५ च्या अखेरीस जाहीर केलेल्या १० नाटकांपैकी केवळ एक नाटक स्त्रीने लिहिलेले होते. त्याविरुद्ध 'वेकिंग द फेमिनिस्ट्स' ही चळवळ उभी राहिली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये अॅबीच्याच प्रेक्षागृहात तिची सभा भरली. त्यानंतर संस्थेला स्त्री-पुरुष समानतेचे धोरण स्वीकारावे लागले. २०१७ मध्ये टेरेसा डीव्ही यांचे 'केटी रोश' अॅबीच्या रंगमंचावर परतले. मात्र ते पाहण्यास लेखिका हयात नव्हत्या. १९६३ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

नंतर मिळणाऱ्या सन्मानातून न लिहिली गेलेली नाटके परत येत नाहीत. म्हणूनच आयरिश रंगभूमीच्या इतिहासात गाजलेल्या प्रयोगांइतकेच महत्त्व वेळेवर वाचल्या गेलेल्या संहितांना आहे.