कोसला आणि हिंदू

कोसला (१९६३) आणि हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ (२०१०) या भालचंद्र नेमाडे यांच्या दोन कादंबऱ्या असून, पहिलीने उभ्या केलेल्या प्रश्नांना दुसरीने सुमारे अर्ध्या शतकानंतर दिलेले उत्तर या दृष्टीने त्या एकत्र वाचता येतात. आधीची अभिजात कृती समोर ठेवून तिचा आशय, पात्ररचना किंवा दृष्टिकोन नव्याने हाताळणाऱ्या लेखनाला उत्तरकृती, आणि ज्या कृतीला असे उत्तर दिले जाते तिला पूर्वकृती म्हणतात. इंग्रजीतील जेन एअर (१८४७) या कादंबरीला जीन ऱ्हीस यांनी वाइड सर्गासो सी (१९६६) लिहून दिलेले उत्तर, किंवा रॉबिन्सन क्रूसोच्या (१७१९) कथेला जे. एम. कूट्झी यांनी फो (१९८६) या कादंबरीतून दिलेले उत्तर ही या प्रकाराची परिचित उदाहरणे होत. तेथे उत्तर देणारा लेखक वेगळा आहे, बहुधा वेगळ्या भूमीतला आहे आणि त्याचा पूर्वकृतीशी उघड वाद आहे. खानदेशातील या जोडीत मात्र दोन्ही कृतींचा लेखक एकच आहे, दोन्हींची भूमी तापी आणि सातपुडा यांच्यामधला एकच पट्टा आहे, आणि वाद आहे तो पंचविशीतल्या लेखकाशी त्याच लेखकाने सत्तरी ओलांडल्यावर घातलेला.

नेमाडे यांचा जन्म २७ मे १९३८ रोजी, आजच्या जळगाव जिल्ह्याच्या यावल-रावेर भागातील सांगवी या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतल्यावर त्यांनी अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा आणि मुंबई येथे अध्यापन केले. कोसला पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली, तर हिंदू पॉप्युलर प्रकाशनाने. या दोहोंच्या मध्ये बिढार, हूल, जरीला आणि झूल या चार कादंबऱ्यांचे, चांगदेव पाटील हा नायक असलेले चतुष्टय १९७५ ते १९७९ या काळात आले, आणि पुढे ज्याला देशीवाद म्हणू लागले त्या विचाराची मांडणीही झाली. प्रत्येक भाषेचे साहित्य तिच्या स्वतःच्या भूमीतल्या परंपरांतून आणि निकषांतून समजून घ्यावे, परक्या साहित्याचे मापदंड तिच्यावर लादू नयेत, असा या विचाराचा थोडक्यात आशय आहे. नेमाडे यांना २०१४ या वर्षाचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या खाऊनपिऊन सुखी घरातला मुलगा शिक्षणासाठी पुण्यात येतो, वसतिगृहात राहतो, आरंभी महाविद्यालयीन उपक्रमांत आणि खानावळीच्या कारभारात हौसेने पडतो, त्यात पैसे आणि पत दोन्ही गमावतो, अभ्यासातून त्याचे मन उडते आणि अखेरीस पदवी न घेताच तो गावी परततो. घटनांचा हा सांगाडा साधा आहे. कादंबरीचे बळ ज्या बोलीसदृश, स्वतःच्याच विधानांना चिमटे काढणाऱ्या निवेदनात आहे, त्याने मराठी गद्याचा तोवरचा अलंकृत सूर मोडून काढला, आणि पुढच्या पिढीतील कितीतरी तरुण लेखकांच्या वाक्यांची ठेवण त्यामुळे बदलली. मधल्या भागात पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने मरते. कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, देशात देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता, आणि गावोगावी लहान मुले या रोगाने दगावणे तेव्हा नित्याचे होते. मनीच्या मृत्यूनंतर निवेदनातला थट्टेचा आधार गळून पडतो आणि जगणे कशासाठी हा प्रश्न उघडा होतो. अजिंठ्याच्या लेण्यांचा भाग या दुःखाशी जोडून वाचावा लागतो, कारण तेथे बुद्धासमोर उभा असलेला पांडुरंग सांत्वन शोधत असतो आणि ते त्याला मिळत नाही. अजिंठा जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. खानदेशी माणसाला ते परके तीर्थ नाही, ही बाब त्या प्रसंगाच्या जवळिकीला पोषक ठरते.

कोसलाची तुलना जे. डी. सॅलिंजर यांच्या द कॅचर इन द राय (१९५१) या अमेरिकी कादंबरीशी वारंवार झाली आहे. शिक्षणसंस्थेत न रमणारा तरुण, त्याची बोलकी भाषा आणि मोठ्यांच्या जगाविषयीचा अविश्वास ही साम्ये खरी आहेत. परंतु हे साम्य जेथे संपते तेथून कोसलाचे स्वतःचे प्रदेश सुरू होतात. सॅलिंजरच्या होल्डन या नायकाचा एक भाऊ वारलेला आहे आणि धाकटी बहीण जिवंत असून तीच त्याला माघारी खेचते. पांडुरंगाची बहीणच मरते, त्यामुळे त्याला माघारी खेचणारे माणूस उरत नाही, उरतो तो केवळ गाव. होल्डनचे आईवडील कथेच्या कडेला राहतात, तर पांडुरंगाचे वडील पानोपानी उपस्थित आहेत: पैसे पाठवणारे, जाब विचारणारे, गावात वजन असलेले आणि मुलाच्या नजरेत कधी क्रूर तर कधी केविलवाणे. होल्डनची भटकंती काही दिवसांची आहे, पांडुरंगाची काही वर्षांची. म्हणून कोसलाला त्या अमेरिकी कृतीची मराठी आवृत्ती म्हणणे टिकत नाही; तिला दिलेले खानदेशी उत्तर म्हणणे एक वेळ टिकेल.

हिंदूचा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननाच्या कामात असताना वडील विठ्ठलराव यांच्या आजाराची बातमी येते, आणि तो सरहद्द ओलांडून खानदेशातल्या मोरगाव या आपल्या गावी परततो. या परतीच्या वाटेवर आणि पितृशोकाच्या काळात त्याच्या मनात घराचा, जातीचा, गावगाड्याचा, पंथांचा, भटक्यांचा आणि स्त्रियांच्या हालांचा अवाढव्य साठा उलगडत जातो. शीर्षकातील हिंदू हा शब्द एका धर्माच्या अनुयायांपुरता नसून सिंधूपासून विस्तारलेल्या, अनेक समूहांनी घडवलेल्या सभ्यतेला उद्देशून येतो. अडगळ म्हणजे घरात साठत गेलेले, टाकवत नाही आणि वापरातही नाही असे सामान. त्यालाच कादंबरी समृद्ध म्हणते, आणि या दोन शब्दांच्या ताणात तिचे संपूर्ण प्रतिपादन सामावलेले आहे.

दोन्ही कृतींना बांधणारा सर्वांत महत्त्वाचा धागा उत्खननाचा आहे आणि समीक्षेत तो पुरेसा पुढे आणला जात नाही. कोसलात पांडुरंग आणि त्याचा मित्र सुरेश हे आपल्याच काळाकडे दूरच्या भविष्यातील इतिहाससंशोधकांच्या नजरेने पाहतात आणि भोवतालच्या वस्तू, चालीरीती व संस्था यांचे जणू अवशेष मांडून त्यांवर गंभीर चेहऱ्याने निष्कर्ष काढतात. तो विडंबनाचा भाग आहे. चालू जगण्याचे निरर्थकपण दाखवण्यासाठी इतिहासाची भाषा तेथे उसनी घेतली आहे. हिंदूमध्ये हीच कल्पना विडंबन सोडून नायकाचा व्यवसाय आणि कादंबरीची रचना बनते. ज्याने वर्तमानाला अवशेष म्हणून हसण्यावारी नेले होते, त्याचा वारस आता खरोखर अवशेष खणतो, आणि थरांखाली त्याला निरर्थकता सापडत नाही. सापडतात ती माणसे, त्यांची कामे, त्यांची भांडणे आणि त्यांनी एकमेकांवर केलेले अन्याय. जगणे कशासाठी या कोसलाच्या प्रश्नाला हिंदू सरळ उत्तर देत नाही. ती प्रश्नच बदलते आणि विचारते की हे जगणे कशाकशाचे बनले आहे. उत्तरकृतीचे सामर्थ्य पुष्कळदा असेच असते. पूर्वकृतीचा प्रश्न जेथे अडला होता तेथून ती त्याला बाजूच्या वाटेने नेते.

पुरातत्त्वाची ही निवड खानदेशासाठी उपरी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकळिया यांनी पुरातत्त्वाची जी अभ्यासपरंपरा उभी केली, त्या परंपरेच्या काळात तापी आणि गिरणा खोऱ्यांतील प्राचीन वसाहतींकडे अभ्यासकांचे लक्ष वळले होते. चाळीसगावजवळचे गिरणाकाठचे बहाळ, तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशे ही १९५० नंतरच्या दशकात उत्खनित झालेली स्थळे आहेत, आणि तापीकाठच्या सावळदा या गावाच्या नावाने एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते. दगडाच्या हत्यारांबरोबर तांब्याचाही वापर करणाऱ्या आरंभीच्या शेतकरी समाजाला ताम्रपाषाणयुगीन म्हणतात. खानदेशातला शेतकरी चार हजार वर्षांच्या थरांवर नांगर चालवतो, हे विधान म्हणून नुसते काव्यमय नाही. धुळ्यातही अशीच एक परंपरा आहे: इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचा संग्रह सांभाळत आले. जुने कागद आणि दगड जपण्याची ही निष्ठा ज्या मुलखात रुजली, तेथून खंडेरावासारखा नायक येणे साहजिक वाटते.

वडिलांच्या बाबतीत उत्तर अधिक थेट आहे. कोसलात बाप हा न्यायाधीश आहे आणि मुलगा आरोपी. दोघांमध्ये पैशाचा हिशेब, अपेक्षा आणि न बोलता आलेली माया यांचे ओझे आहे. गावी परतलेला पांडुरंग बापासमोर हरलेला उभा राहतो, आणि हा पराभव कादंबरी कोठेही सौम्य करत नाही. हिंदूत बाप मरणाच्या वाटेवर असल्यामुळे खटलाच रद्द होतो. मुलाला आता बापाकडे आरोपीच्या पिंजऱ्यातून पाहावे लागत नाही, तो त्याच्याकडे कुणब्यांच्या दीर्घ साखळीतला एक दुवा म्हणून पाहू शकतो, आणि त्याच वेळी ही साखळी पुढे कोणी न्यायची हा वारसाचा प्रश्न स्वतःच्या अंगावर येतो. शिकलेल्या शेतकरीपुत्राची ही कोंडी १९६३ च्या तुलनेत पुढे कितीतरी घरांत पोहोचली, म्हणून हिंदूतील हा भाग जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वाचकाला आज अधिक टोचतो. दोन्ही कादंबऱ्यांतील सर्वांत जिवंत लेखन बापलेकांच्या या नात्याविषयीचे आहे.

रचनेत या कृती एकमेकींच्या विरुद्ध टोकांना आहेत. कोसला आटोपशीर आहे, एका मनाच्या आत चालते आणि बाहेरच्या जगाला त्या मनातून जेवढे दिसेल तेवढेच जागा देते. हिंदू पसरते, फांद्या फुटत जाते, आख्यानातून आख्यान काढते. या विस्तारामागे महानुभावीय गद्याचा आदर्श वाचता येतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाचे मठ खानदेशात जागोजागी आहेत, आणि म्हाइंभटाने संकलित केलेले लीळाचरित्र हे छोट्या छोट्या प्रसंगांच्या, म्हणजे लीळांच्या, माळेतून एक मोठे चरित्र घडवते. हिंदूतही कथानकापेक्षा अशा प्रसंगांचा साठा महत्त्वाचा आहे. मात्र जेथे प्रसंगाची जागा खंडेरावाचे किंवा इतर पात्रांचे प्रतिपादन घेते, तेथे कादंबरी व्याख्यानाकडे झुकते आणि देशीवादाचा सिद्धान्त पात्रांच्या तोंडून बोलू लागतो. कोसलात असा सिद्धान्त नव्हता, आणि त्या कृतीच्या निर्भयतेचे ते एक कारण होते. उत्तर देणाऱ्या कृतीला आपले उत्तर आधीच ठाऊक असणे हा तिचा मोठा धोका असतो. हिंदू तो धोका प्रत्येक वेळी टाळू शकत नाही.

स्त्रियांच्या संदर्भात उत्तर अर्धे राहते. मनी ही कोसलातील सर्वांत हृदयद्रावक अनुपस्थिती आहे, पण तिला स्वतःचा आवाज नाही; ती भावाच्या दुःखातूनच कळते. हिंदूत विधवा, परित्यक्ता, सासुरवाशिणी, संन्यासमार्गाला लागलेल्या बाया अशा कितीतरी स्त्रिया येतात आणि कृषिसंस्कृतीचा खरा भार त्यांनी वाहिल्याचे कादंबरी निःसंदिग्धपणे मांडते, तरी त्यांची कहाणी खंडेरावाच्या स्मरणातूनच गाळून येते. खानदेशातल्याच लेवा पाटीदार समाजातील, जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी १९५२ मध्ये, म्हणजे कोसलाच्या अकरा वर्षे आधी, पुस्तकरूपाने आली होती. शेतात राबणारी बाई आपल्या बोलीत जगाविषयी काय म्हणते, हे त्यांत कोणाच्याही मध्यस्थीशिवाय ऐकू येते, आणि दोन्ही कादंबऱ्यांच्या शेजारी ते पुस्तक ठेवल्यावर त्यांच्यातील पोकळी मोजता येते. वाचनाची ही पद्धत मराठी विभागांतून अधिक रुजायला हवी, कारण एकाच प्रदेशातील कृती एकमेकींना कशा उत्तर देतात हे कालक्रमापेक्षा शेजारातून जास्त कळते.

दुसरी मर्यादा नजरेच्या उंचीची आहे. पांडुरंग आणि खंडेराव हे दोघेही जमीन असलेल्या घरातले मुलगे आहेत. सातपुड्यातील आणि शेतमजुरीवर जगणारे समूह हिंदूत अधिक संख्येने आणि अधिक आस्थेने येतात, पण ते मोरगावच्या ओसरीवरून पाहिलेले असतात. शहादा परिसरातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा गोधड (१९८७) हा कवितासंग्रह त्याच तापीखोऱ्यातून, पण ओसरीच्या बाहेरून बोलतो. ज्यांच्या वतीने इतरांनी बोलायचे ठरवले, त्यांना मंचावर जागाच मिळत नाही ही त्यातील वेदना देशी परंपरेच्या समर्थकांनाही लागू पडते. काळाने हा संग्रह कोसला आणि हिंदू यांच्या मधला आहे, त्यामुळे हिंदूला त्याच्याशीही बोलता आले असते. हिंदू ही नियोजित कादंबरीमालिकेतील पहिली कृती म्हणून प्रसिद्ध झाली असल्याने, खंडेरावाच्या अडगळीत या आवाजांना त्यांच्याच तोंडून जागा मिळते का, हे मालिकेतील पुढील भागांवर अवलंबून राहते.