गहुंज्याचे भाडेकरू

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात चिरंजीवांचे तीन टी-शर्ट घडी घालून ठेवलेले आहेत. तिन्ही आता त्यांना लहान होतात. तिन्ही 'आपल्या पुण्याच्या' संघांचे. पैकी आज एकही संघ पुण्याचा नाही, आणि दोन तर कुठलेच नाहीत. दर दिवाळीला सौ. विचारतात, "अहो, यांची फडकी करू का?" इतिहासाची साधनं अशी फडक्यात जाऊ नयेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

पिंपरी-चिंचवड हे मुळात बाहेरून आलेल्यांचं गाव. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डीला बजाज, पाठोपाठ टेल्को आणि त्यांच्या मागोमाग साताऱ्यापासून लातूरपर्यंतची माणसं. आलेला कारखाना कायमचा असतो असंही नाही. २००७ साली बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात गाड्या बनणं थांबलं. तिकडे उत्तराखंडात पंतनगरला करसवलती होत्या. मालक तिथेच जातो जिथे त्याचा हिशेब जुळतो, हे आम्हाला बी.कॉम.ला शिकवलेलं होतं. फक्त ते क्रिकेटलाही लागू आहे, हे परीक्षेत विचारलं नव्हतं.

पहिलं स्थलांतर स्टेडियमचंच झालं. स्वारगेटचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं. १९९६ च्या विश्वचषकात २९ फेब्रुवारीला तिथे केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं. जगाला धक्का बसला तो चार दिवस; पण क्रिकेट संघटनेचं आणि महापालिकेचं तिकिटांच्या वाटपावरून बिनसलं ते बिनसलंच. भाडेकरू वैतागला की तो गावाबाहेर स्वतःचा प्लॉट बघतो. संघटनेने तेच केलं. द्रुतगती मार्गाच्या कडेला, मावळातल्या गहुंज्याला घर बांधलं. त्याचं उद्‌घाटन १ एप्रिल २०१२ ला झालं. तारखेवर आम्ही काही बोलत नाही.

तोवर संघ घेऊन झाला होता. २१ मार्च २०१० च्या लिलावात सहारा समूहाने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरना घेतला. रुपयांत हा आकडा सतराशे कोटींच्या घरात जातो. आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरनी तो कागदावर लिहून पाहिला, शून्यं मोजली आणि जेवणाची सुट्टी होण्याआधीच डबा उघडला. २०११ साली गहुंज्याचं घर तयार नव्हतं, म्हणून 'पुणे वॉरियर्स' नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये राहिले. ताबा न मिळालेल्या फ्लॅटचे हप्ते भरत भाड्याच्या जागेत राहणं हा अनुभव आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना असल्यामुळे त्यांच्याविषयी आम्हाला पहिल्या दिवसापासून जिव्हाळा वाटला.

हा संघ तीन मोसम खेळला आणि तिन्ही मोसमांत बरोबर चार-चार सामने जिंकला. याला म्हणतात मुदत ठेव! बाजार वर जावो, खाली जावो, व्याज ठरलेलं. बंगळुरूत ख्रिस गेलने एकट्याने नाबाद १७५ केल्या त्याही यांनाच, २३ एप्रिल २०१३ ला. चिरंजीव त्या रात्री टी-शर्ट घालूनच झोपले. सकाळी म्हणाले, "बाबा, आपण पुढच्या वर्षी जिंकू." वय वर्षं सात. पुढचं वर्ष येणार नव्हतं हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

ते आलं नाही त्याला कारण बँक गॅरंटी. इथे मात्र अस्मादिकांना अधिकारवाणीने बोलू द्यावं. भोसरीचा एखादा वर्कशॉपवाला पाच लाखांची गॅरंटी मागायला आला, तर आम्ही त्याच्याकडून इतक्या सह्या घेतो की त्याला आपलंच नाव परकं वाटू लागतं. कारण गॅरंटी म्हणजे तिसऱ्याने दिलेला शब्द: याने पैसे दिले नाहीत, तर आम्ही देऊ. सहाराचं म्हणणं असं की आपण बोली लावली ९४ सामन्यांच्या हिशेबाने आणि प्रत्यक्षात सामने मिळाले कमी, तेव्हा शुल्कही कमी करा. तक्रार अगदीच वावगी नव्हती. पण मे २०१३ मध्ये क्रिकेट मंडळाने थकलेल्या शुल्कापोटी गॅरंटी वटवली आणि सहाराने रागारागाने अंग काढून घेतलं. ऑक्टोबरमध्ये पुढची गॅरंटी दिली नाही, म्हणून मंडळाने करारच संपवला. स्टेडियमवर सहाराश्रींचं नाव होतं. त्याचेही पैसे थकले, तेही उतरलं. पहिला टी-शर्ट कपाटात गेला.

दुसऱ्याची गोष्ट आणखी मजेची. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्या जागी दोन संघ घ्यायला उलटा लिलाव झाला. मंडळ आपल्या मिळकतीतून संघाला वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी देणार. जो कमीत कमी मागेल त्याला संघ. कोलकात्याच्या संजीव गोएंकांच्या कंपनीने मागितले उणे १६ कोटी. म्हणजे तुमचं काही नको, वर आम्हीच १६ देतो! हे उणे चिन्ह पाहून आम्ही चष्मा पुसला. पण शब्दाशब्दाने बघाल तर हा आपला ओळखीचा लीव्ह अँड लायसन्सच: मुदत दोन वर्षं, मूळ बिऱ्हाडं परत आली की जागा खाली.

भाडेकरू आले आणि नळाला पाणी नाही, अशी गत झाली. २०१६ चा दुष्काळ. उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं आणि 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' उरलेले घरचे सामने खेळायला विशाखापट्टणमला गेले. आमच्याकडे टँकर येत होता, त्यामुळे निकालाविरुद्ध बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या वर्षी धोनीचं कप्तानपद गेलं, नावातला शेवटचा 'स' गेला आणि संघ एकदम अंतिम फेरीत! २१ मे २०१७, हैदराबाद. मुंबई १२९, पुणे १२८. एका रुपयाचा फरक निघाला तर आम्ही संध्याकाळी सात-सातपर्यंत बँकेत बसून तो शोधतो. ही एक धाव आम्ही अजून शोधतो आहोत. मग मुदत संपली, खेळाडू लिलावात परत गेले आणि दुसरा टी-शर्ट पहिल्यावर.

२०१८ साली मूळ बिऱ्हाडच आमच्याकडे उतरलं. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंज्याला आले आणि तिकडून खास रेल्वेने हजारभर माणसं शिट्ट्या वाजवत पुण्यात. मैदानाला पवनेचं पाणी वापरायचं नाही असं न्यायालयाने बजावलेलं, तरी पाहुण्यांचं झकास चाललं. त्या वर्षी ते अजिंक्यही झाले. चिरंजीवांनी पिवळा टी-शर्ट मागितला. आम्ही नाही म्हटलं. परक्याच्या लग्नात आहेर तरी किती करायचा!

तिसरा टी-शर्ट फुटबॉलचा. 'एफसी पुणे सिटी' २०१४ पासून बालेवाडीत खेळत होती. २०१९ साली पैशाचं गणित कोलमडलं आणि तिची जागा हैदराबादच्या मंडळींनी घेतली. २०२२ साली हैदराबादने ती लीग जिंकली! माहेरी पदरी काही पडलं नाही, सासरी जाऊन भाग्य उजळलं. पण तेही टिकलं नाही. २०२५ मध्ये संघ दिल्लीला गेला, नवं नाव लावून. बास्केटबॉलमध्येही 'पुणे पेशवाज' म्हणून संघ होता. पेशवे अर्ध्या चड्डीत पाहायची आमची तयारी होईपर्यंत ती लीगच बंद पडली.

अमेरिकेत सिअॅटलला आमचा भाचा असतो. त्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मामा, हे काहीच नाही. १९७८ मध्ये इथे दोन मालकांनी बास्केटबॉलचे अख्खे संघ आपसात बदलून घेतले. एकाने बॉस्टनचा घेतला, दुसऱ्याने बफेलोचा घेऊन तो थेट सॅन डिएगोला नेला." त्याच्या गावचा 'सुपरसॉनिक्स' १९६७ पासूनचा. २००६ मध्ये ओक्लाहोमाच्या मंडळींनी ३५ कोटी डॉलरना विकत घेतला, नव्या स्टेडियमचं जमेना म्हणून २००८ मध्ये सामानसुमानासकट उचलून नेला. सिअॅटल नगरपालिका कोर्टात गेली. तडजोडीत तिला साडेचार कोटी डॉलर मिळाले. पण भाचा पैशाचं बोलतच नव्हता. "नाव आणि रंग इथेच ठेवून घेतले मामा. पुढेमागे संघ आला तर आमच्याच नावाने खेळेल."

आम्ही गप्प झालो. गोएंकांनी २०२१ मध्ये लखनौचा संघ ७,०९० कोटींना घेतला, आणि नाव ठेवलं सुपर जायंट्स. मग दक्षिण आफ्रिकेत डर्बनचा घेतला, त्याचंही तेच. म्हणजे आमच्या दारावरची पाटी लखनौला आणि डर्बनला, फुटबॉलची जागा हैदराबादमार्गे दिल्लीला. अर्थात पाटी त्यांचीच, पैसेही त्यांचेच. आमचं काय होतं? गहुंज्याच्या वळणावर दोन तास अडकून पडलेली स्कूटर आणि खांद्यावर झोपलेलं पोर. याची नोंद कुठल्या खात्यात करायची, ते तीस पानी करारातही नसतं.

परवा चिरंजीव कॉलेजातून आले तेव्हा सौ. कपाट आवरत होत्या. जांभळा टी-शर्ट हातात धरून त्यांनी त्यावरची अक्षरं खिडकीच्या उजेडात न्याहाळली.

"अहो, स्कूटरला एक फडकं हवंच आहे," त्या म्हणाल्या. "यावरचं 'पुणे' तेवढं कापून ठेवू का?"

चिरंजीवांनी कात्री आणून दिली.