राज्यपालांची विशेष जबाबदारी (विदर्भ)

एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणाऱ्या राज्यपालांना विभागीय विकासाबाबत संविधानाच्या कलम ३७१(२) मुळे मिळू शकणारा खास अधिकार. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे, विकासखर्चाचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी, एवढा त्याचा आवाका आहे. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आकाराला आले. त्यामागे अकोला करार (१९४७) आणि नागपूर करार (१९५३) यांत विदर्भाला दिलेली आश्वासने होती.

हा अधिकार देणारा राष्ट्रपतींचा आदेश मात्र निघाला ९ मार्च १९९४ रोजी. वऱ्हाडाने (पश्चिम विदर्भाने) इतकी वर्षे वाट पाहावी, हा अन्यायच होता. मधल्या काळात दांडेकर समितीने (१९८४) राज्याचा अनुशेष (विकासातली साचलेली तूट) सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला होता. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटींचा. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी १९९४ मध्ये मंडळे स्थापली आणि २००१ पासून निधिवाटपाचे निर्देश निघू लागले. अमरावतीचे आमदार प्रा. बी. टी. देशमुख यांनी अनुशेषाचा प्रश्न विधान परिषदेत वर्षानुवर्षे लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००८ मध्ये हे निर्देश सरकारवर बंधनकारक ठरवले.

नेमलेल्या राज्यपालांनी निवडून आलेल्या सरकारला निधी कुठे द्यायचा हे सांगावे, ही लोकशाहीत अपवादात्मक गोष्ट आहे. निधीवरच्या अशा अधिकाराला मर्यादा लागतेच: अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी मंजूर निधी अडवल्यावर तिथल्या संसदेने (काँग्रेसने) १९७४ मध्ये कायद्याने अध्यक्षांना वेसण घातली. आपल्याकडे अधिकाराची मर्यादा कलमातच लिहिली आहे: वाटप समन्यायी हवे, पण संपूर्ण राज्याच्या गरजा सांभाळून. शिवाय पैसा मंजूर करते विधिमंडळच. वऱ्हाडापुरता हा अपवाद रास्त होता, कारण विधानसभेतल्या संख्याबळावर त्याला न्याय मिळाला नव्हता.

तरीही निर्देशाने निधी वाटला जातो, धरण बांधून होत नाही. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष विदर्भात सर्वांत चिवट ठरला. भूसंपादन रखडले, अभियंत्यांची पदे रिकामी राहिली, आलेला पैसा पुरता खर्चही झाला नाही. यावर राज्यपालांच्या हाती उपाय नव्हता. तो प्रशासनाकडेच होता.

मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. त्यासाठी केंद्राची संमती लागते.